टेप गेली तरी तिची शिस्त राहू द्या

भोरच्या बाजारपेठेतल्या एका पतसंस्थेचा टेप ड्राइव्ह या उन्हाळ्यात कायमचा बंद पडला. सुटे भाग मिळेनात, आणि नव्या ड्राइव्हचा लाखांच्या घरातला भाव ऐकून संचालक मंडळ गप्प झालं. चेअरमनसाहेबांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "ताई, टेपचं झंझट आता पुरे. एक मोठी हार्ड डिस्क आणा आणि लावून टाका." डिस्क आणायला माझी काहीच हरकत नव्हती. लावून टाकायला मात्र होती, आणि त्यापायीच हा लेख लिहिते आहे.

मी नसरापूरची. पुण्यातल्या एका डेटा सेंटरमध्ये बरीच वर्षं टेपांचा विभाग सांभाळला. आता भोर आणि वेल्ह्यातल्या पतसंस्था, शाळा, दवाखाने आणि फोटो स्टुडिओ यांचे संगणक बघते. या सगळ्यांकडे आज एकच प्रश्न आहे. जुनी टेप किंवा सीडी बंद पडली आहे, डिस्क स्वस्त झाली आहे, मग बॅकअपची घडी नव्याने कशी बसवायची? उत्तर अवघड नाही, पण ते दुकानात गेल्यावर सुचत नाही. आधी कागद-पेन घेऊन बसावं लागतं.

टेप काय करत होती

या पतसंस्थेकडे एलटीओ-४ जातीचा ड्राइव्ह होता. ही जात २००७ साली बाजारात आली. तिची कार्ट्रिज म्हणजे तळहातावर मावणारी प्लॅस्टिकची चौकोनी डबी. आत अर्धा इंच रुंदीची, तब्बल ८२० मीटर लांबीची फीत आणि तिच्यावर ८०० जीबी माहिती. संध्याकाळी दिवसअखेर झाली की कॅशियर त्या वाराचं लेबल लावलेली कार्ट्रिज ड्राइव्हमध्ये सरकवायचा. सकाळी शाखा उघडली की ती बाहेर निघायची आणि कापडी पिशवीतून व्यवस्थापकांच्या घरच्या कपाटात जायची. सोमवार ते शनिवार रोजच्या कार्ट्रिज आलटून-पालटून वापरायच्या, महिनाअखेरीची वेगळी ठेवायची, ३१ मार्चची थेट लॉकरमध्ये. आमच्या धंद्यात या पद्धतीला आजोबा-वडील-मुलगा म्हणतात. रोजची प्रत मुलगा, आठवड्याची वडील, महिन्याची आजोबा.

टेपचे दोष खरे आहेत. हवी ती नोंद फितीच्या शेवटी असेल तर सगळी फीत गुंडाळत तिथपर्यंत जावं लागतं. टेप धावते तेव्हा तिला माहितीचा अखंड पुरवठा लागतो. संगणक जुना आणि सावकाश असला तर टेप थांबते, मागे येते, पुन्हा पुढे जाते, आणि अशा हिसक्यांनी फीत आणि ड्राइव्हचं डोकं दोन्ही झिजतात. लहान संस्थांचे ड्राइव्ह लवकर मरतात त्याचं हे एक मोठं कारण. टेप वर्षानुवर्षं टिकायची तर १६ ते २५ अंश तापमान आणि ५० टक्क्यांच्या आत आर्द्रता लागते. जुलैमध्ये वेल्ह्यात कपाटातल्या चपलेला बुरशी येते, तिथे ही अट पाळणार कशी?

त्यातून पिढ्यांचा घोळ. एलटीओ-४ ची टेप एलटीओ-६ पर्यंतच्या ड्राइव्हमध्ये वाचता येते, पुढे नाही. २०२१ साली आलेला एलटीओ-९ फक्त आठव्या आणि नवव्या पिढीची टेप ओळखतो. म्हणजे टेप धडधाकट आहे, पण तिला वाचणारं यंत्र बाजारात नाही, अशी वेळ येते. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की जुन्या टेप फेकू नका. चालू ड्राइव्ह असणाऱ्याकडून त्यातली लागणारी वर्षं आधी डिस्कवर उतरवून घ्या आणि मगच पुढे जा.

टेप कालबाह्य झाली असं मात्र समजू नये. जिनिव्हाजवळची सर्न ही भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा आपल्या प्रयोगांची अफाट माहिती आजही टेपवर ठेवते. तिथे एका ड्राइव्हमागे हजारो कार्ट्रिज असतात, त्यामुळे ड्राइव्हचा खर्च वाटला जातो. एका टीबीसाठी लाखांचा ड्राइव्ह घेणाऱ्या पतसंस्थेला तो हिशोब परवडत नाही. आपल्याकडे डिस्कच योग्य.

दूर ठेवलेली प्रत

फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलच्या जीमेलमध्ये एक बिघाड झाला. नव्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे सुमारे ०.०२ टक्के ग्राहकांच्या पेट्या रिकाम्या दिसू लागल्या. गुगल एकेका पत्राच्या अनेक प्रती वेगवेगळ्या ठिकाणच्या डिस्कवर ठेवते, पण त्या सगळ्या प्रती एकमेकींना जोडलेल्या असल्याने चूक सगळीकडे पोहोचली. पत्रं परत आली ती टेपवरून. टेप कशालाही जोडलेली नव्हती, तिच्यापर्यंत चूक जाऊच शकली नाही.

टेपचा खरा गुण हा होता. ती रोज सकाळी यंत्रातून बाहेर निघत असे आणि इमारतीतूनही बाहेर जात असे. हे तिच्या स्वभावातच होतं, त्यासाठी कुणाला वेगळी बुद्धी चालवावी लागत नव्हती. डिस्क मात्र एकदा लावली की लावलेलीच राहते. वळवाच्या पावसात वीज पडली आणि विजेच्या किंवा नेटवर्कच्या तारेतून झटका आला, तर सर्व्हर आणि त्याला जोडलेली बॅकअप डिस्क एकाच क्षणी जातात. खंडणीखोर व्हायरस म्हणजे रॅन्समवेअर शिरला तर तो जोडलेल्या प्रत्येक डिस्कवरच्या फाइली कुलूपबंद करतो, आणि बॅकअप तर आधी शोधून मारतो.

ही भीती दूरची नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर असेच बंद पडले आणि पुढचे सुमारे दोन आठवडे केसपेपर हातानं लिहावे लागले. जुलै २०२४ मध्ये सी-एज या लहान बँकांना सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचा, त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँकाच अधिक, डिजिटल व्यवहारांशी संबंध तात्पुरता तोडावा लागला.

प्रत दूर ठेवण्याचं शहाणपण आपल्या भागाला नवं नाही. भोर हे पंतसचिवांचं संस्थान. अष्टप्रधानांत सचिवाकडे काम होतं ते राजपत्रं आणि महाल-परगण्यांचे हिशोब तपासण्याचं. त्या काळी गावचं दप्तर कुलकर्ण्याकडे असे, परगण्याचं देशपांड्याकडे आणि सरकारचं त्याहून वेगळं. धामधुमीत एका ठिकाणचे कागद जळाले किंवा लुटले गेले, तर दुसरीकडचे पाहून वतनाचा निवाडा होई.

याच भोर तालुक्यातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात एक शकावली, म्हणजे सालवार घटनांची नोंद, जपलेली होती. भोरच्या दयाजीराव सर्जेराव जेध्यांकडून ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली टिळकांनी ती प्रसिद्ध केली. तोवर शिवाजी महाराजांचं जन्मसाल १६२७ मानलं जाई. शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० अशी नोंद निघाली. एका घरातल्या कागदावर एवढी मोठी गोष्ट ठरवायची कशी, हा प्रश्न होताच. पुढे राजस्थानात जोधपूरच्या एका ज्योतिष्याच्या संग्रहात महाराजांची कुंडली सापडली आणि तिची तिथीही तीच निघाली. कारी आणि जोधपूर यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता, म्हणून तर त्या जुळण्याला वजन आलं. बॅकअपच्या दोन प्रती अशाच हव्यात. एकीवर आलेलं संकट दुसरीपर्यंत पोहोचायला वाटच असू नये.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी हाच विचार तीन आकड्यांत बसवला आणि तो जगभर रूढ झाला. माहितीच्या एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. अलीकडे त्यात भर पडली आहे ती अशी की किमान एक प्रत कशालाही न जोडलेली असावी.

किती जागा लागेल

आता हिशोबाकडे. चेअरमनसाहेबांसमोर मी दोन प्रश्न ठेवले. पहिला, सर्व्हर दुपारी चार वाजता गेला तर किती मागचा डेटा चालेल? काल रात्रीचा चालला, तर आजचा दिवस व्हाउचरवरून पुन्हा चढवावा लागेल, आणि भोरच्या आठवडे बाजाराच्या दिवशी ते सोपं नाही. म्हणून दुपारी एकदा आणि रात्री एकदा प्रत घ्यायचं ठरलं. दुसरा प्रश्न, शाखा किती वेळ बंद राहिलेली चालेल? त्यांचं उत्तर तयार होतं, "उद्या सकाळी शटर वर गेलंच पाहिजे." सगळी आखणी या दोन उत्तरांवर उभी राहते. कोणती कंपनी, कोणतं मॉडेल, हे फार नंतर येतं.

मग मोजणी. गोल आकडे घेऊ. सभासदांच्या खात्यांचा डेटाबेस २०० जीबी, स्कॅन केलेली कर्जाची कागदपत्रं आणि केवायसी ६०० जीबी, इतर ऑफिसच्या फाइली २०० जीबी. एकूण एक टीबी. रोज यातला किती भाग बदलतो? जास्तीचा धरून दोन टक्के, म्हणजे २० जीबी.

टेपच्या पद्धतीनं दर आठवड्याला पूर्ण प्रत घेतली आणि चार आठवड्यांच्या व बारा महिन्यांच्या प्रती ठेवल्या, तर सोळा टीबी झाल्या. शिवाय एक टीबी एका ८०० जीबीच्या टेपवर मावत नाही. स्कॅन केलेली चित्रं आधीच दाबलेली असतात, ती आणखी दबत नाहीत. मग मध्यरात्री ड्राइव्ह दुसरी कार्ट्रिज मागत बसतो आणि ती घालायला शाखेत कुणी नसतं. त्या पतसंस्थेत हे वारंवार होत होतं आणि सकाळी अर्धाच बॅकअप हाती येत होता.

डिस्कवर दर वेळी पूर्ण प्रत घ्यायची गरज नाही. चांगलं बॅकअप सॉफ्टवेअर एकदाच सगळं घेतं आणि पुढे फक्त बदललेले तुकडे साठवतं. तरी जुन्या कुठल्याही तारखेचं पूर्ण चित्र ते उभं करू शकतं. पहिली प्रत एक टीबी. तीस दिवसांचे बदल, रोज २० जीबीप्रमाणे, ६०० जीबी. मागच्या अकरा महिनाअखेरी, प्रत्येकी ६० जीबी धरल्या तर ६६० जीबी. बेरीज सव्वादोन टीबी. धंदा दर वर्षी वीस टक्क्यांनी वाढला तर तीन वर्षांनी हेच जवळपास चार टीबी होईल. डिस्क ऐंशी टक्क्यांच्या वर भरू देऊ नये, म्हणून हातात पाच टीबी मोकळ्या हव्यात.

त्यासाठी चार-चार टीबीच्या चार डिस्क घेतल्या आणि त्या रेड-६ पद्धतीनं जोडल्या. यात दोन डिस्कएवढी जागा राखीव जाते, आठ टीबी वापरायला उरतात. कोणत्याही दोन डिस्क मेल्या तरी माहिती शाबूत राहते. डब्यावर चार टीबी छापलेली डिस्क विंडोजमध्ये ३.६ टीबी दिसते, हे आधीच सांगून ठेवते. कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज १०२४ नं, त्यात कुणी फसवलेलं नसतं.

एक राखीव डिस्क पुरेल अशी रेड-५ का नको, असं विचारलं जातं. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात वाचनातल्या चुकीचं प्रमाण साडेबारा टीबीमागे एक असं दिलेलं असतं. मोठ्या डिस्कचा संच दुरुस्त होताना उरलेल्या सगळ्या डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात, आणि नेमकी तेव्हाच ती चूक समोर आली तर हाताशी काही उरत नाही. डिस्क मरणार हे गृहीतच धरावं. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्या लाखो डिस्कचे आकडे दर वर्षी जाहीर करते. २०२२ मध्ये त्यांच्या १.३७ टक्के डिस्क गेल्या, २०२३ मध्ये १.७० टक्के. ती केंद्रं थंड आणि अखंड विजेची. आपल्याकडे अर्थिंग आणि यूपीएस नीट नसेल तर प्रमाण वाढणारच, म्हणून डिस्कच्या आधी अर्थिंग तपासून घ्या.

घेताना आणखी एक विचारा. काही स्वस्त डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. जागा वाढते, पण संच दुरुस्त करताना त्या फार रेंगाळतात. रेडमध्ये लावायला पट्टे एकमेकांवर न चढवलेली, म्हणजे सीएमआर प्रकारचीच डिस्क मागा.

आणि हे ठामपणे सांगते की रेड म्हणजे बॅकअप नव्हे. रेड डिस्क मेल्यावर वाचवते. कुणी चुकून खातं पुसलं तर ते संचातल्या सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी पुसलं जातं.

तीन प्रती, तीन जागा

आम्ही ठरवलेली मांडणी अशी आहे. पहिली बॅकअप पेटी भोरच्या शाखेतच, पण सर्व्हरच्या खोलीत नाही, दुसऱ्या टोकाला आणि वेगळ्या यूपीएसवर. सर्व्हरला या पेटीत लिहिण्याचा अधिकारच दिलेला नाही. पेटी स्वतः सर्व्हरकडून प्रत ओढून घेते. तिचा पासवर्ड वेगळा आहे आणि घेतलेली प्रत तीस दिवस पुसता येत नाही, अशी सोय लावली आहे. सर्व्हरमध्ये व्हायरस शिरला तरी त्याला या पेटीची किल्ली सापडू नये, हा त्यामागचा विचार.

दुसरी प्रत वेल्ह्याच्या शाखेत. तालुक्याचं नाव आता राजगड झालं, तरी गाव अजून वेल्हेच म्हटलं जातं. इथे इंटरनेटचा प्रश्न येतो. भोरहून वर पाठवायचा वेग २० एमबीपीएस मिळतो. त्या वेगानं एक टीबी पाठवायला अखंड साडेचार दिवसांहून जास्त लागतात. म्हणून पहिली प्रत भोरमध्येच डिस्कवर काढली आणि चेलाडी-मार्गासनीमार्गे पिशवीतून वेल्ह्याला नेली. पुढे रोजचे २० जीबी तारेतून जातात, त्याला सव्वादोन तास लागतात, आणि ते रात्रीत सहज होतं.

तिसरी प्रत कशालाही न जोडलेली. दोन पोर्टेबल डिस्क, एक आड एक आठवडा. शनिवारी एक लावायची, प्रत उतरली की काढायची आणि पुण्यातल्या लॉकरमध्ये असलेली दुसरी परत आणायची. टेपची पिशवी इथे पुन्हा कामाला लागते. भोर आणि वेल्हे पुरेसे लांब आहेत, मग पुणे कशाला, असं मला विचारलं गेलं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात खांब आडवे झाले आणि अनेक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. अशा वेळी भोर आणि वेल्हे एकाच संकटात असतात. पुणंही निर्धोक नाही. १२ जुलै १९६१ रोजी याच वेल्हे तालुक्यातलं पानशेत धरण फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांमधल्या घरांतले कागद, वह्या, फोटो चिखलात गेले. लॉकर निवडताना नदीपासून उंचावरचा निवडला तो म्हणून.

प्रवास करणारी डिस्क कूटबद्ध असलीच पाहिजे. पिशवी एसटीत राहिली तर सभासदांचे आधार क्रमांक आणि सह्या कुणाच्या हाती पडू नयेत. त्या कुलपाचा पासवर्ड कागदावर लिहून सीलबंद पाकिटात तिजोरीत ठेवायचा, कारण तो हरवला तर डिस्क असून नसल्यासारखी. पडून राहणारी डिस्क दर काही महिन्यांनी चालवून बघायची. अशा ठेवणीसाठी एसएसडी घेऊ नये. तिच्यातली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न देता लांबकाळ ठेवली तर तो भार झिरपत जातो.

परत मिळाली तरच प्रत

या सगळ्याची परीक्षा एकाच ठिकाणी होते. रविवारी शाखा बंद असताना आम्ही एक मोकळा संगणक घेतला आणि भोरच्या पेटीतून शुक्रवारच्या रात्रीचा पूर्ण डेटा त्याच्यावर उतरवला. शाखेतल्या तारेवरून सेकंदाला ११० एमबी मिळाले, तर एक टीबीला अडीच तास पुरतात. हेच इंटरनेटवरून ५० एमबीपीएसनं आणायचं म्हटलं तर ४४ तास लागतील, म्हणजे "उद्या सकाळी शटर वर" हे वचन फक्त जवळच्या डिस्कवरच पाळता येतं. नुसत्या क्लाउडवर विसंबणाऱ्यांनी हा भागाकार आधी करून पाहावा.

डेटा उतरला, प्रोग्रॅम उघडला. मग क्लार्कनं शुक्रवारची छापील किर्द काढली आणि अखेरची शिल्लक वाचली. मी पडद्यावरची वाचली. पैशापर्यंत जुळली. मग सभासदांची काही खाती मधूनच काढली. पिग्मीचं एक, सोनेतारणाचं एक, मुदत ठेवीचं एक. खतावणी जुळली, ठेवीच्या पावतीचं स्कॅन उघडलं, सही दिसली. बॅकअप यशस्वी झाला असा हिरवा संदेश रोज येतो, पण मी विश्वास ठेवते तो या जुळलेल्या किर्दीवर. दर तिमाहीला हे करायचं, कुणी करायचं त्याचं नाव लिहून ठेवायचं आणि निकाल संचालक मंडळाच्या सभेत वाचायचा, असा ठरावच करून घेतला.

शाळांना आणि फोटो स्टुडिओला एवढी मोठी मांडणी लागत नाही. तिथे एक कायम लावलेली डिस्क, दोन आलटून-पालटून घरी नेल्या जाणाऱ्या डिस्क आणि महिन्यातून एकदा एखादी जुनी फाइल परत काढून बघणं एवढं पुरतं. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली एक जन्मतारीख पुढे कुणाच्या तरी जातीच्या दाखल्याला, पेन्शनला, वारसाला लागते. पतसंस्थेतली शिल्लक कुणाच्या तरी भाताची आणि दुधाची असते. ज्यांनी ती आपल्याकडे ठेवली त्यांना टेप आणि डिस्कमधला फरक माहीत असण्याची गरज नाही. तो आपल्याला माहीत असला पाहिजे. म्हणून डिस्क जरूर घ्या, पण खरेदीच्या ठरावातच दोन ओळी लिहून ठेवा: काढलेली प्रत कोण, कोणत्या वारी, कुठे नेऊन ठेवणार, आणि ती परत उघडून कोण बघणार. या दोन ओळींखाली नाव आणि सही नसेल तर बिल मंजूर करू नका.